कर, खटले आणि सोनेरी भिंतदिवे

अठराव्या शतकातल्या फ्रेंच भिंतदिव्याची रचना थोडक्यात अशी असते : भिंतीला स्क्रूने बसवलेला पानाफुलांचा कणा, त्यातून वळसे घेत पुढे आलेल्या दोन किंवा तीन फांद्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला वितळलेले मेण साचावे म्हणून पसरट वाटी आणि त्या वाटीवर मेणबत्तीची नळी. हे सगळे ब्राँझमध्ये ओतलेले, छिन्नीने कोरून साफ केलेले आणि वरून सोन्याचा मुलामा दिलेले. करणाऱ्याचे नाव त्यावर सहसा नसते. पॅरिसच्या सुतारांना फर्निचरवर आपल्या नावाचा शिक्का मारणे त्या शतकाच्या मध्यापासून बंधनकारक झाले होते. ब्राँझकाम करणाऱ्यांवर तसे बंधन नव्हते. त्यामुळे खुर्चीचा कर्ता सांगता येतो, पण त्याच दालनात तिच्या वरच्या अंगाला लावलेल्या दिव्याचा सांगता येत नाही, असा प्रकार नेहमीचा आहे.

काही दिव्यांवर मात्र एक ठसा आहे. फांदीच्या बगलेत, वाटीच्या काठाशी किंवा कण्याच्या एखाद्या पानावर, काही मिलिमीटरांचा. रोमन लिपीतले ‘सी’ हे अक्षर आणि त्याच्या डोक्यावर छोटा मुकुट. एकोणिसाव्या शतकातले संग्राहक आणि व्यापारी या ठशाकडे पाहून अर्थातच नाव शोधू लागले. ‘सी’ने सुरू होणारी दोन मोठी नावे समोर होती. एक जाक काफिएरी (१६७८–१७५५), राजाच्या पदरी असलेला ब्राँझकार. दुसरा शार्ल क्रेसाँ (१६८५–१७६८), फर्निचरवाला पण शिल्पकाराच्या घरचा, आणि आपल्या कपाटांवरचे ब्राँझ स्वतःच करवून घेणारा. ठसा दिसला की यांपैकी एकाचे नाव लागे आणि किंमत त्या मानाने वाढे.

या वाचनाविरुद्धचा पुरावा तेव्हाही उघड होता. काफिएरीची खरी सही माहीत होती. लंडनच्या वॉलेस संग्रहात त्याचे एक सोनेरी झुंबर आहे, पंधराव्या लुईची थोरली मुलगी, म्हणजे पार्माची डचेस लुईझ-एलिझाबेथ, हिच्याकडचे. त्यावर ‘पॅरिसच्या काफिएरीने केले’ अशा अर्थाची पूर्ण सही आहे आणि १७५१ हे साल आहे. जो माणूस आपले आडनाव अक्षर न अक्षर कोरतो, तो दुसरीकडे एकाच अक्षरावर का भागवेल? आणि राजमुकुटाचे चिन्ह खासगी कारागिराने स्वतःच्या मालावर मारायचे हे त्या काळच्या फ्रान्समध्ये कोण खपवून घेईल? हे दोन प्रश्न पुरेसे होते. पण बाजाराला नाव हवे असले की असे प्रश्न मागे पडतात.

छडा लागला १९२४ मध्ये. आन्री नोक हा पॅरिसच्या चांदीवरच्या ठशांचा अभ्यासक. त्याने हा ठसा कारागिराचा नसून सरकारी आहे, हे राजाज्ञेच्या आधारे दाखवून दिले. मार्च १७४५ मध्ये तांब्यावर आणि तांब्याच्या सर्व मिश्रधातूंवर कर बसवण्यात आला होता. कर भरल्याची खूण म्हणून मालावर मुकुटधारी ‘सी’ उठवला जाई. हे अक्षर तांब्याच्या फ्रेंच नावाचे. फेब्रुवारी १७४९ मध्ये कर उठला आणि ठसाही थांबला. पुढे १९३७ मध्ये पिएर व्हर्ले याने या निष्कर्षाची पुन्हा मांडणी करून तो इंग्रजी वाचकांपुढे आणला, आणि मग तो सर्वमान्य झाला.

कर का बसला, यावर माझा तर्क सांगतो, आणि तो तर्कच समजावा. ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धात फ्रान्स तेव्हा पुरता गुंतलेला होता. तह झाला ऑक्टोबर १७४८ मध्ये आणि त्यानंतर काही महिन्यांतच कर उठला. युद्धखर्चासाठी शोधलेल्या अनेक वाटांपैकी ही एक असावी, असे तारखांवरून वाटते. तारखा पक्क्या, कारण अनुमानाचे.

नोकच्या शोधाने एका फटक्यात दोन गोष्टी झाल्या. काफिएरी आणि क्रेसाँ यांच्या नावावरचा बराच माल नामानिराळा झाला. आणि त्याच मालाला चार वर्षांची काटेकोर मुदत मिळाली, जी अठराव्या शतकातल्या इतर कोणत्याही ब्राँझला क्वचितच लाभते. नाव गेले, साल आले. इतिहासाच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचाच म्हणायला हवा.

पण राजाज्ञेची शब्दरचना नीट पाहिली तर घाई करता येत नाही. कर नव्या मालावर होता तसाच जुन्यावरही होता. म्हणजे १७३० मध्ये ओतलेला दिवा १७४७ मध्ये पुन्हा विक्रीला आला तर त्यावरही ठसा उठणार. ठसा इतकेच सांगतो की त्या चार वर्षांत ही वस्तू व्यापारात होती. ती तेव्हाच घडली, हे शैलीवरून ठरवावे लागते. उलट दिशेनेही सावधगिरी हवी : ठसा नाही म्हणजे वस्तू त्या काळातली नाही, असे ठरत नाही. शिवाय ठशाचा अर्थ जाहीर झाल्यावर तो खोटा मारून घेणे फायद्याचे झाले आणि तसे नमुने सापडलेलेही आहेत. खऱ्या दिव्यात ठसा आधी आणि झीज नंतर असते. ठशाच्या खोबणीची धार आजूबाजूच्या धातूपेक्षा ताजी दिसली की शंका घ्यावी.

मग नावे कुठून येतात? यासाठी आधी पॅरिसच्या कारागीरसंघांची घडी समजून घ्यावी लागते. ब्राँझ ओतणारे आणि कोरणारे यांचा संघ वेगळा, मुलामा देणाऱ्यांचा वेगळा. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. हे दोन संघ एकत्र आले ते १७७६ मध्ये, अर्थमंत्री तुर्गोने सगळे संघ बरखास्त केल्यावर आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते नव्या रचनेत पुन्हा उभे राहिल्यावर. म्हणजे त्याआधीचा प्रत्येक सोनेरी दिवा कायद्याप्रमाणे किमान दोन घरांतून गेलेला असणार. आराखडा काढणारा आणि मेणाचा किंवा लाकडाचा नमुना करणारा हे आणखी दोघे. आणि गिऱ्हाईकाशी बोलणारा व्यापारी पाचवा. एका दिव्याला एक कर्ता असे आपण धरून चालतो, पण तो दिवा ज्या व्यवस्थेतून आला तिला एकच कर्ता ठाऊक नव्हता.

या व्यवस्थेचे उल्लंघन जिथे झाले, तिथे कागद तयार झाले. क्रेसाँचेच उदाहरण घ्या. तो फर्निचरवाला, त्यामुळे ओतकाम आणि मुलामा ही दोन्ही कामे त्याला वर्ज्य. तरी तो ती आपल्या कारखान्यात करवून घेत राहिला, आणि दोन्ही संघ त्याच्यावर एकाहून अधिक वेळा खटले घेऊन धावले. संघाच्या पदाधिकाऱ्यांनी कारखान्यात शिरून काय पाहिले, हे विरोधकांनी लिहिलेले आहे. त्यात कुरापत असेल, पण क्रेसाँची स्तुती करण्याचा हेतू नक्की नाही. म्हणून त्यात त्याच्याकडे ब्राँझकाम होत होते असे आले, तर ते मानायला हरकत नाही. याउलट १७४९, १७५७ आणि १७६५ मध्ये त्याने आपल्या मालाच्या विक्रीसाठी स्वतःच याद्या लिहिल्या, त्यांत स्वतःच्या कामाचे भरपूर कौतुक आहे. वर्णनासाठी त्या अमोल आहेत, श्रेयासाठी नाहीत.

खटल्यांच्या तावडीतून सुटलेलेही काही होते. लूव्र राजवाड्याच्या सज्ज्यांखाली राजाने ज्यांना राहायला आणि काम करायला जागा दिली, त्यांना संघांचे नियम लागू नसत. राजाचा चांदीकार फ्रांस्वा-तोमा जेर्मां (१७२६–१७९१) हा त्यांपैकी एक. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात त्याचे चार सोनेरी भिंतदिवे आहेत. जेर्मांचे नाव, राजाचा शिल्पकार-चांदीकार हा हुद्दा, ‘लूव्रचे सज्जे’ हा पत्ता आणि १७५६ हे साल असा लेख त्यांवर आहे. भिंतदिव्यांच्या इतिहासात इतका बोलका लेख दुर्मीळ, आणि तो पत्ता उगाच आलेला नाही : संघाचा माणूस दारात आला तर दाखवायचे परवानापत्रच ते. हे दिवे ऑर्लेआंच्या ड्यूकच्या पाले-रोयाल या वाड्यासाठी केले गेले. तिथली दालने नव्याने सजवणारा वास्तुविशारद कोंतां दिव्ही; त्या दालनांची खोदचित्रे दिदेरोच्या विश्वकोशाच्या चित्रखंडात १७६२ मध्ये छापली गेली. अशी चित्रे दालनाचा थाट दाखवायला उत्तम. मात्र खोदचित्रकाराचे लक्ष भिंती आणि छतावर असते. दिव्याची पाने मोजून ओळख पटवायची तर चित्रापेक्षा सहीवरच भिस्त ठेवावी.

आणि सहीसुद्धा कशाची? जेर्मांचा कारखाना मोठा होता, इतका की १७६० च्या दशकाच्या मध्यावर तो दिवाळखोरीत गेला. अशा ठिकाणी मालकाचे नाव म्हणजे पेढीचे नाव. काफिएरीच्या १७५१ च्या सहीबद्दलही हेच : तेव्हा जाक सत्तरीच्या पुढे गेला होता आणि मुलगा फिलिप (१७१४–१७७४) हाताशी होता. सहीत फक्त आडनाव आहे. बापाचा हात कोणता आणि मुलाचा कोणता, हे तिच्यावरून सांगता येणार नाही.

आता व्यापाऱ्याकडे वळू. लाझार द्युव्हो हा पॅरिसचा उंची मालाचा दुकानदार. त्याची १७४८ ते १७५८ या दहा वर्षांची रोजखर्डावही टिकली आहे आणि लुई कुराजो याने ती १८७३ मध्ये छापून प्रसिद्ध केली. तीन हजारांहून अधिक नोंदी. राजाची प्रेयसी मादाम द पोंपादूर, स्वतः राजा, दरबारातली बडी मंडळी, सगळे त्यात आहेत. भिंतदिवे पुन्हा पुन्हा येतात : किती फांद्यांचे, जोडी की चार नग, व्हँसेनच्या पोर्सिलेनची फुले लावलेले की साधे, आणि किती लिव्रना (लिव्र हे तेव्हाचे फ्रेंच चलन). एक तपशील खास महत्त्वाचा. द्युव्हो मुलाम्याचा प्रकार लिहितो. खरे सोने चढवलेला माल आणि नुसते सोनेरी रंगाचे वार्निश दिलेला माल हे त्याच्या वहीत स्पष्ट वेगळे आहेत, कारण किंमत वेगळी. आज एखाद्या दिव्यावर मुलामा दाट आणि एकसारखा दिसला, तर तो मुळात वार्निशाचा असून एकोणिसाव्या शतकात कोणीतरी सोन्याने मढवला, ही शक्यता या वहीमुळेच डोळ्यांसमोर राहते.

एवढ्या मोठ्या वहीत नसते ते करणाऱ्याचे नाव. शिल्पकार द्युप्लेसीसारखा एखादा अपवाद येतो, आणि तोही बहुधा नाव सांगितल्याने माल वधारतो म्हणून. बाकी ओतारी, कोरणारे, मुलामेवाले यांच्याशी द्युव्होचे हिशेब दुसऱ्या वह्यांत असणार. त्या वह्या हाती आलेल्या नाहीत. कोणत्या दिव्यासाठी कोणाला किती दिले, हे त्यांत एका ओळीत असणार होते. या विषयाच्या अभ्यासकाला झोपेतही दिसावी अशी ती वही आहे.

मुलाम्याबद्दल दोन शब्द. सोन्याचा बारीक चुरा पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करत. साफ केलेल्या ब्राँझवर पाऱ्याचा अंश असलेल्या तेजाबाचा हात फिरवून त्यावर पितळी तारेच्या कुंचल्याने तो लगदा पसरवत, मग वस्तू निखाऱ्यांवर धरत. पारा धूर होऊन उडे, सोने धातूला चिकटून राही. मग चकचकीत हवा तो भाग अकीकाच्या दगडाने घोटत, मंद हवा तो तसाच ठेवत. उडालेला पारा जाई मुलामेवाल्याच्या फुप्फुसात. ब्राँझकार राव्रिओ १८१४ मध्ये वारला, तेव्हा या कारागिरांना पाऱ्यापासून वाचवणारी युक्ती काढणाऱ्यासाठी त्याने मृत्युपत्रात ३,००० फ्रँक ठेवले. रसायनज्ञ दार्से याने धूर ओढून घेणारी भट्टी सुचवून ते बक्षीस मिळवले आणि १८१८ मध्ये मुलाम्याच्या सगळ्या कृतीवर निबंध छापला. वर दिलेल्या पायऱ्या अशा उत्तरकालीन वर्णनांतून जास्त स्पष्ट होतात. हे वर्णन काही दशकांनंतरचे आहे हे विसरू नये. पण हातांचे धंदे सावकाश बदलतात, म्हणून मी ते १७७० च्या दशकासाठी वापरायला कचरत नाही.

त्या दशकातले सर्वांत मोठे नाव पिएर गुतिएर (१७३२–१८१३). १७५८ मध्ये तो मुलामेवाल्यांच्या संघात मास्टर झाला आणि त्याच साली आपल्या दिवंगत मालकाच्या विधवेशी लग्न करून कारखान्यात स्थिरावला. मंद मुलाम्याची खास रीत त्याच्या नावावर सांगतात. वॉलेस संग्रहात १७७१ चे एक घड्याळ आहे, आव्हिन्यों शहराने भेट देण्यासाठी करवलेले. त्यावरचा लेख कामाची वाटणीच करून देतो : शिल्प ब्वाझोचे, घडवले राजाचा कोरणारा आणि मुलामेवाला गुतिएर याने, पत्ता के पेल्तिए, ‘सोन्याचे बकल’ या पाटीखाली. दुकानाच्या पाटीपर्यंतचा तपशील देणाऱ्या या माणसाने सह्या मात्र मोजक्याच केल्या.

मग त्याच्या नावावर इतका माल कसा आला? इथे दुसरे एक अक्षर मध्ये येते. ओमोंचा ड्यूक हा त्याचा मोठा आश्रयदाता. तो १७८२ मध्ये वारला आणि डिसेंबरमध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. यादी करणाऱ्या व्यापाऱ्यांनी गुतिएरने मढवलेल्या वस्तूंपुढे ‘जी’ हे अक्षर छापले. सोळाव्या लुईने या लिलावात बरीच खरेदी केली. मारी आंत्वानेतने एक जास्परचे धूपपात्र १२,००० लिव्रना घेतले, ते आज वॉलेस संग्रहात आहे. ‘जी’चा पुरावा समकालीन आहे, जाणकारांचा आहे, आणि कर्ता तेव्हा जिवंत व त्याच शहरात होता. विक्रेत्याचा स्वार्थ त्यात आहे हे खरे, तरी मी त्याला वरच्या प्रतीचा पुरावा मानतो. अडचण पुढे झाली. बॅरन दाव्हिलिए याने १८७० मध्ये ही यादी पुन्हा छापली, आणि मग सुबक कोरणीचा आणि मंद सोन्याचा जो जो दिवा दिसेल तो गुतिएरचा ठरू लागला. काफिएरीचे जे ‘सी’मुळे झाले, तेच गुतिएरचे ‘जी’मुळे, फरक इतकाच की ‘जी’ खरा होता, पण फक्त त्या यादीपुरता.

गुतिएरबद्दलचे पक्के कागद बहुतेक बुडालेल्या पैशांचे आहेत. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यु बारी हिच्या लुव्हसिएन इथल्या मंडपाचे काम त्याने केले. तिच्याकडच्या बिलांचे गठ्ठे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. डचेस द माझारँ हिच्या पॅरिसच्या वाड्यासाठी त्याने वास्तुविशारद बेलांजेच्या आराखड्यांवरून काम केले. मार्च १७८१ मध्ये ती अचानक वारली. त्या कामांपैकी निळ्या संगमरवराचे मेज न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे, भिंतदिव्यांची जोडी लूव्रमध्ये. आश्रयदाते एकामागून एक गेले आणि १७८० च्या दशकाच्या अखेरीस गुतिएर दिवाळखोर झाला. डिसेंबर १७९३ मध्ये द्यु बारीचा शिरच्छेद झाल्यावर तिची मालमत्ता सरकारजमा झाली आणि तो येणे वसूल करायला धडपडत राहिला. ७,५६,००० लिव्र हा आकडा सर्वत्र दिला जातो. तो दावेदाराचा आकडा आहे, न्यायालयाने मान्य केलेला नव्हे. गुतिएर १८१३ मध्ये पॅरिसमध्ये कंगाल अवस्थेत वारला.

त्याच्या नावावरचा बराच माल परत घेणारा पुरावा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आला. फ्रांस्वा रेमों (१७४७–१८१२) हा १७७४ चा मास्टर, मुलामेवालाच, आणि दागेर या व्यापाऱ्यासाठी मुख्यतः काम करणारा. व्यापारी न्यायासनाकडे जमा झालेल्या वह्या पॅरिसच्या दप्तरखान्यात आहेत. त्यांत रेमोंची रोजखर्डावही निघाली. क्रिस्तियां बोलेझ आणि इतरांनी ती राजघराण्याच्या बिलांशी ताडून पाहिली. व्यापाऱ्याच्या बिलात वस्तूचे वर्णन, रेमोंच्या वहीत तेच वर्णन, काही दिवस आधीची तारीख आणि कमी किंमत. असे दोन कागद एकमेकांत बसले की द्युव्होच्या बाबतीत राहिलेली फट बुजते. कधीकाळी डोळे झाकून गुतिएरची मानलेली कितीतरी कामे यामुळे रेमोंकडे गेली. रेमोंच्या हाताखाली कोण कोण राबले, हे त्याची वहीही पूर्ण सांगत नाही.

कागद आणि वस्तू यांची ताटातूट फ्रेंच राज्यक्रांतीने केली. व्हर्सायमधल्या सामानाची विक्री २५ ऑगस्ट १७९३ ला सुरू झाली आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत चालली. १७,१८२ लॉट गेले. राजवाड्याच्या नोंदवह्यांत दिवे उरले, भिंतींवर उरले नाहीत. त्यानंतर शतकभराने आन्री दासों, आल्फ्रेद बर्दले यांच्यासारख्या पॅरिसच्या कारखानदारांनी जुन्या नमुन्यांवरून उत्कृष्ट प्रती केल्या. दासों बहुधा सही आणि साल घालत असे, बर्दले आपला ठसा मारत असे. फसवण्याचा हेतू त्यांचा नव्हता. सही खरवडणारे नंतर आले. आज एक्स-किरणांच्या चाचणीने मुलाम्यात पारा आहे का ते कळते. पारा नसेल तर १८४० नंतरचा विजेचा मुलामा असण्याची शक्यता बळावते. पण पारा आहे म्हणजे दिवा जुना, असे होत नाही, कारण चांगल्या प्रतींना एकोणिसाव्या शतकातही पाऱ्याचाच मुलामा देत. आणि खऱ्या दिव्यावरही विजेचा मुलामा नंतर चढलेला असू शकतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, संस्थेत किंवा एखाद्या जुन्या वाड्यात असा दिवा असेल, तर तो पॉलिशवाल्याकडे देण्याआधी भिंतीवरून उतरवा आणि त्याच्या पाठीची छायाचित्रे काढून ठेवा : स्क्रूची भोके, तासणीच्या खुणा, जुळणीसाठी ओरखडलेले आकडे, रंगाने लिहिलेला एखादा जुना नंबर, वाटीच्या काठावरचा एखादा ठसा. पुढची बाजू उजळली तर फार बिघडत नाही. पाठ घासली की नोंदवहीतल्या कोणत्या ओळीशी तो दिवा जुळत होता, हे पुन्हा कोणालाही सांगता येणार नाही.